पितराचं पोट

भाद्रपदाचा वद्य पंधरवडा लागला की अनंता घरतला घरी जेवायची गरज पडत नसे. गावात एवढी माणसं मेलेली होती.

पालीच्या अलीकडे, अंबा नदीच्या काठाला त्याचं गाव. पितरपाखात तिथं ज्याच्या नावाचं पान असेल त्याच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवतात. त्यालाच पितर म्हणतात. त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, आणि केळीच्या पानावर वडे, खीर, भोपळ्याची भाजी, कढी-भात वाढतात. तो जेवला की मेलेला जेवला. पाटावर असेपर्यंत त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारायची नाही. लेक त्याला बाबा म्हणते, भाऊ दादा म्हणतो, बायको अवो म्हणते. शेवटी घरातलं कुणीतरी तीनदा विचारतं, "पोट भरलं का?" तिन्ही वेळा "भरलं" असं उत्तर आलं की मगच पान उचलायचं.

या कामाला अनंतासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तो लहानपणापासून जाड. शाळेत पोरं त्याला पिंप म्हणायची. लग्नाला बऱ्याच मुली सांगून आल्या आणि त्याला बघून परत गेल्या. सहा आसनी रिक्षावाला त्याच्याकडून दोघांचं भाडं मागायचा आणि तो मुकाट्यानं द्यायचा. वर्षभर जे अंग त्याला लपवावंसं वाटे, तेच अंग या पंधरा दिवसांत लोक हात जोडून आत बोलावत. पाटावर तो मांडी घालून बसला की घर भरल्यासारखं वाटे. तो बोलत नसे. खाली मान घालून, न सांडता, न घाई करता खात राही, आणि आठ-नऊ वडे गेल्यावर जेव्हा "भरलं" म्हणे तेव्हा त्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. ढेकर यायची ती खरी यायची. घरातल्या बायका डोळे पुसायच्या.

सगळ्यांत जास्त त्याची वाट बघायची ती बायजाबाई. तिचा नवरा सीताराम घशाच्या कॅन्सरनं गेला. शेवटचे काही महिने त्याला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. भाताच्या खळ्यावर एका बसणीला अख्खं टोपलं भाकरी संपवणारा माणूस, तो उपाशी गेला, आणि भरल्या घरातून उपाशी गेला. त्या वर्षापासून बायजाबाई सप्तमीला अनंताला पाटावर बसवू लागली. इतर घरांत बाई वाढून आत जाई. ही समोर बसून प्रत्येक घास बघायची. घास घशाखाली उतरताना अनंताच्या गळ्याचं हाड वर-खाली व्हायचं तिकडे तिची नजर असायची. वर्षातून एकदा सीताराम तिच्यासमोर पोटभर जेवत होता. दहा-अकरा वर्षं हे चाललं.

अनंता न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. कंटेनर यार्डातून उचलायचा आणि गोदामाला पोचवायचा. पन्नाशी जवळ आली तसं त्याला दिवसाढवळ्या झोप येऊ लागली. रात्री त्याचा श्वास मध्येच थांबायचा; बायको क्रांती त्याला हलवून जागं करायची. एकदा यार्डाच्या फाटकाशी रांगेत उभा असताना स्टिअरिंगवरच त्याचा डोळा लागला आणि ट्रेलर हळूहळू पुढं सरकत गेला. समोरच्या गाडीचा क्लीनर बाजूला उडी मारून वाचला. मालकानं गाडीची चावी काढून घेतली. म्हणाला, "अनंता, तू भला माणूस आहेस. पण मला खून नकोय."

नवी मुंबईच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि मग समोर बसवून नीट सांगितलं. साखर वाढलेली, हृदय फुगलेलं. डाएट वगैरेच्या पुढं गेलंय. दुर्बिणीतून जठराचा मोठा भाग कापून काढायचा. मागं केळ्याएवढं उरेल. त्यात मावेल तेवढंच खायचं, मरेपर्यंत.

खर्चाचा आकडा ऐकून अनंता उठलाच. ठेकेदाराकडच्या ड्रायव्हरला विमा नसतो. होता तो पैसा घराच्या वरच्या मजल्यासाठी साठवलेला. स्लॅबवर सळया उभ्या करून ठेवल्याला बरीच वर्षं झाली होती. परत येताना एसटीत क्रांती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वरच्या मजल्यावर राहायचं कोणी? मी एकटीनं?"

तेवढ्यावर ते ठरलं.

वैशाखात ऑपरेशन झालं. गावाला कळल्यावर गाव आधी हसलं. पारावर कुणी म्हणालं, "लोक जेवायला पैसे देतात, ह्यो न जेवायला देऊन आला." त्याच्या घराच्या सळयांकडे बोट दाखवून पोरं म्हणायची, "बघा, अनंतादादाचा वरचा मजला पोटात गेला." क्रांती उलट म्हणायची, "गेला तर गेला, उतरतोय ना भार!" भार उतरत होताच. पावसाळा सरत येईपर्यंत अनंताचा चेहरा वेगळाच दिसू लागला. गालांची हाडं, जी कुणी कधी पाहिली नव्हती, ती वर आली. कातडी मात्र सैल लोंबायची, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखी. श्वास रात्रभर सरळ चालायचा. मालकानं चावी परत दिली. आणि भूक गेली. तिची त्याला आठवण यायची. जेवणाच्या वेळेला तो वाटीसमोर बसायचा, तीन-चार घास चावून-चावून खायचा आणि मग पुढं काय करावं हे त्याला कळायचं नाही.

पितरपाख लागला. पहिल्या दिवसापासून कुणी बोलवायला आलं नाही. वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, तरी तो ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राही. एका घरात त्याच्या जागी कॉलेजात जाणाऱ्या सनीला बसवलं आणि त्यानं मोबाईलवर बोलत बोलत दहा वडे खाल्ले, असं कानावर आलं. म्हाताऱ्या रंगूनं तर क्रांतीला विहिरीवर सरळ विचारलं, "पोटच कापलंन, तर पितर बसनार कुठं ग?"

षष्ठीच्या संध्याकाळी बायजाबाई स्वतः आली. मागून तिचा मुलगा बाळाजी, नागोठण्याच्या कंपनीत कामाला असलेला, तो आईला समजावतच आला होता.

"आये, सनीला सांगतो म्हटलं ना मी. ह्याला कशाला त्रास?"

"सनीला ह्यांनी वळखलं पायजे ना," बायजाबाई म्हणाली. "येवढी वर्सं ह्याच्या तोंडानं जेवले. आता नवं तोंड कुठं सोदतील?" मग अनंताकडे वळून, "उद्या येशील ना रं?"

"काकी, माझं आता पहिल्यासारखं नाय."

"ठाव हाय मला. येशील ना?"

क्रांतीनं आतून मान हलवून नको म्हटलं. अनंता म्हणाला, "येतो."

सप्तमीला तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेला. सदरा जुना होता. त्यात आता दोन अनंता मावले असते. बाळाजीनं त्याचे पाय धुतले, गंध लावलं. पाटावर बसताना पूर्वी त्याला भिंतीला हात टेकावा लागे. आज तो सहज बसला, आणि पाट दोन्ही बाजूंनी उघडा दिसत राहिला. बायजाबाईनं ते पाहिलं. तिनं पान वाढलं, नेहमीसारखंच, पानाच्या कडेपर्यंत.

"अवो, घ्या," ती म्हणाली आणि समोर बसली.

अनंतानं वड्याचा लहानसा तुकडा मोडला, कढीत बुडवला, तोंडात घातला आणि चावत राहिला. चावणं संपेना. घास उतरल्यावर तो थांबला, छातीवर हात ठेवला, दुसरा तुकडा मोडला. कौलावर ठेवलेल्या घासाला कावळा कधीच शिवून गेला होता. तिसऱ्या घासानंतर त्यानं भाताची चार शितं घेतली. खिरीला नुसतं बोट लावलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. अर्धा वडासुद्धा संपला नव्हता.

त्यानं हात आखडता घेतला तसं बायजाबाईचा चेहरा बदलला. ती दुसरा वडा घेऊन वाकली. "येवढा घ्या. येवढा एकच."

त्यानं तिच्याकडे बघून आणखी एक तुकडा तोंडात घातला. तो खाली जाता जाता अडला. डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली. हळूहळू कधीतरी तो उतरला.

"आये, पुरे," बाळाजी म्हणाला. "इचार आता."

तिनं वडा हातात तसाच धरून विचारलं, "अवो, पोट भरलं का?"

"भरलं," अनंता म्हणाला.

"खोटं."

असं उत्तराला उत्तर कधी कुणी दिलं नव्हतं. बाळाजी पुढं झाला, पण ती पानाकडे बघत बोलतच राहिली. "असंच म्हनायचे तुमी. चमचाभर पेज घेतली की भरलं. मी रडले की आनिक येक चमचा घ्यायचे, नि मंग सगळी वकून टाकायचे. मला वायीट वाटू नये म्हनून भरलं म्हनायचे. मला काय कळत नव्हतं?"

अनंतानं पानावरचा हात काढून मांडीवर ठेवला. पाटावर बसलेल्यानं स्वतःहून बोलायचं नसतं.

"काकी," तो म्हणाला.

तो शब्द ऐकून बाळाजीनं मान वळवली. पितरानं आपल्याच बायकोला काकी म्हटलं होतं. म्हणजे पाटावर आता पितर नव्हता, अनंता होता, आणि पान अजून उचललेलं नव्हतं.

"काकी, खोटं नाय. माझं खरंच भरलंय. तीन-चार घासांत भरतं. त्याच्या पुढं एक गेला तर दगड ठेवल्यासारखं होतं. आताचा तुझ्यासाठी घेतला मी, तो अजून दुखतोय."

"कुठं?"

त्यानं तिचा हात धरला आणि सदऱ्यावरून बरगड्यांच्या खाली ठेवला. तिथं पोट घट्ट झालं होतं. बायजाबाईनं हात काढला नाही. म्हातारीची बोटं सदऱ्याच्या चुण्यांतून चाचपडत राहिली, दुखऱ्या गुराच्या पोटाला हात लावावा तशी.

"नि भूक?" तिनं विचारलं.

"भूक लागतच नाय. बघितलं की खावंसं वाटतं. पण आतून कोणी मागत नाय."

तिनं पानावरच्या मोडलेल्या वड्याकडे बघितलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मंग ह्यांचं बी खरंच भरत असंल?"

तिचा हात अजून त्याच्या बरगड्यांखालीच होता.

"मी उगाच कोंबत व्हते का रं? त्यो मानूस सांगत व्हता भरलं भरलं, नि मी चमचा दामटत व्हते."

व्हय म्हटलं असतं तर तिच्या मनातला उपाशी सीताराम निघून गेला असता, पण कोंबलेला चमचा राहिला असता. नाय म्हटलं असतं तर उलटं. अनंताला कॅन्सरचं काही माहीत नव्हतं. त्याला एकच पोट माहीत होतं, आणि तेही ह्या चार-पाच महिन्यांत.

"ते मला सांगता नाय येणार काकी," तो म्हणाला. "माझं भरतं. ते खरं हाय."

बायजाबाईनं मान हलवली. हात काढून घेतला, पदर नीट केला, वडा परत टोपलीत ठेवला. पुन्हा समोर सरळ बसली.

"अवो, पोट भरलं का?"

अनंतानं मान खाली घातली. "भरलं."

तिनं तिसऱ्यांदा लगेच विचारलं नाही. तेवढ्या वेळात तिला अजूनही वाढता आलं असतं. टोपली तिच्या गुडघ्याशी होती. बाळाजी उभ्यानंच वाट बघत होता.

"पोट भरलं का?"

"भरलं."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. बाळाजी पान उचलायला वाकला तर तिनं त्याला हातानं दूर केलं. भरलेलं पान तिनं दोन्ही हातांवर घेतलं, कढी सांडू नये म्हणून छातीशी धरलं, आणि गाईला घालायला परसात निघून गेली.