पंख्यापर्यंत तीनशे फेरे

आम्ही तिघी म्हाताऱ्या पंचवटीतून सायकलवर पवनचक्क्या बघायला जातो म्हटलं, की लोक आधी हसतात, मग किस्से विचारतात. किस्से साठतातच. आमचा कुणाच्या शब्दावर भरवसा नाही ना!

कारण आमच्यातली गोदा. सिन्नरच्या पुढं पठारावर तिचं सासरचं घर आणि शेत. आता तिथंच जाऊन राहायचं तिनं ठरवलंय. घरामागं पवनचक्की उभारायला कंपनीचा एजंट सही मागतोय. म्हणे, चक्की घरापासून लांब असेल. मी म्हटलं, "गोदे, सही नंतर. आधी उभ्या असलेल्या चक्क्या बघू."

*

पहिल्याच चक्कीवर वॉचमननं अडवलं. कुणी पाठवलं, विचारलं. शोभाबाई, आमच्यातल्या रिटायर मास्तरीण, म्हणाल्या कुणीच नाही. त्यानं तो आणखीच बिथरला. रजिस्टर काढून गाड्यांचे नंबर मागितले.

"सायकलला नंबर नसतो, बाबा."

"मग तर आत सोडताच येणार नाही."

*

दुसरीकडं हेल्मेटवाले साहेब भेटले. चक्कीचा अजिबात आवाज होत नाही, असं त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तेव्हा ऐकू आलं.

*

खालच्या वस्तीत एका बाईनं चहाला बसवलं. ऊन कलतं होतं. ती भाकरी थापत होती आणि चक्कीच्या पात्याची सावली दारातून येऊन तिच्या हातांवरून, तव्यावरून जात होती. गेली की दुसरी. मी विचारलं, त्रास नाही होत?

"सवय झाली लय," म्हणाली, आणि उठून दार लावून घेतलं. त्या उकाड्यात, चूल पेटलेली असताना.

गोदानं चहा अर्धा ठेवला.

*

मी शाळेत गेले नाही. पुडीच्या कागदांवरून वाचायला शिकले आणि अंतर मोजायला सायकलवरून. चाकाला लाल दोरा बांधायचा. तो खाली आला की एक फेरा.

गोदानं एजंटला अट घातली: उंबऱ्यापासून चक्कीच्या जागेपर्यंत चाकाचे तीनशे फेरे भरले तरच सही. तो हसून हो म्हणाला. मी सायकल ढकलत, त्यानं जागेची खूण म्हणून ठोकलेल्या खुंटीपर्यंत गेले. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"आजी, मोजण्यात चूक झाली असेल."

मला खूप जण खूप काय काय बोललेत. हे कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, तुमची सायकल आणा आणि तुम्हीच मोजा.

*

आठ दिवसांनी आला. गाडीची डिकी उघडून कोरी करकरीत सायकल काढली, दोरा स्वतःच बांधला आणि उंबऱ्यापासून ढकलायला लागला. ढकलताना त्याला पार ओणवं व्हावं लागत होतं. शोभाबाई मागून वर्गात मोजतात तशा मोठ्यानं मोजत होत्या. खुंटीपाशी आकडा झाला तीनशे चार.

त्यानं घाम पुसला आणि पेन पुढं केलं.

गोदानं आपली सायकल आणून त्याच्या सायकलीशेजारी उभी केली. तिच्या सीटच्या खाली त्याच्या सायकलीचं हॅन्डल संपत होतं. हॅन्डलवर घंटीच्या जागी पिवळं रबरी बदक होतं.

गोदानं पेन घेतलं, टोपण लावलं, त्याच्या खिशात नीट खोचलं. आणि घरात जाता जाता ते बदक एकदा दाबलं.