रॅम्पच्या तोंडाशी

ऑइल पेंटचा वास आला की बेलवलीच्या बागेतला तो रॅम्प आठवतो आणि डोकं फिरतं. आराखडा माझा होता, व्हीलचेअर एकट्याने चढवता येईल अशा बेताच्या उताराचा. उद्घाटनाच्या सकाळी गेलो, तर रॅम्पच्या तोंडाशीच चौथरा बांधून नावांची संगमरवरी पाटी बसवलेली, अक्षरांचा रंग अजून ओला. “साहेब, फोटोत नावं नकोत का दिसायला?” ठेकेदार म्हणाला. फीत कापायला बोलावलेल्या व्हीलचेअरवरच्या बाईंना मग चौघांनी खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून नेलं. “खाली ठेवा मला,” त्या सांगत होत्या, पण टाळ्यांत ते कुणी ऐकलं नाही. मीही टाळ्या वाजवत होतो. पाटी अजून तिथेच आहे. तिच्यावर शेवटचं नाव माझं आहे.