शनिवारचा मराठीचा तास

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, आमचा चॅनेल होता. तीन खोल्या, दोन कॅमेरे आणि आम्ही पाच माणसं. मालकांनी लग्नांचे व्हिडिओ काढता काढता तो सुरू केला होता, आणि केबलवरून तो आसपासच्या वस्त्यांत दिसायचा. सकाळी भजनं, दुपारी तेलुगू गाण्यांच्या फर्माइशी, संध्याकाळी शाळांची गॅदरिंग, कुठे पाणी येणार नाही, कोण हरवलंय. गणपतीत मात्र विसर्जनाची मिरवणूक दिवसभर. काय किती वाजता लागणार, तो तक्ता मी करायची.

पुण्याहून आयटीत आलेल्या एका बाईंनी एकदा फोन केला. मुलगा मराठी बोलतो, पण त्याला वाचता येत नाही, वाचायला शिकवणारं काही दाखवता का? मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हारे पिताजी मास्टर थे ना? बुला लेव उनकू."

अप्पा जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. आई गेल्यापासून घरात गप्प बसून असायचे. मी विचारलं तेव्हा आधी "नक्को गं, मला कोण बघणार?" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जोडाक्षरांचे तक्ते काढायला बसले.

गुरुवारी रेकॉर्डिंग, शनिवारी संध्याकाळी पाचला प्रसारण. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून यायचे, प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचे. कॅमेरामन तेलुगू. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण "रेडी, मास्टारू?" म्हणून तोही ऐकत बसायचा. अप्पा कॅमेऱ्याकडे बघून विचारायचे, "कळलं का?" आणि उत्तरासाठी खरंच थांबायचे. एडिटिंग करताना तेवढी शांतता मी कधी कापली नाही. स्वतःला टीव्हीवर बघायची त्यांना लाज वाटे, म्हणून शनिवारी पाचला ते मुद्दाम वाचनालयात जाऊन बसत.

दोन वर्षं हे चाललं. मग लोक मोबाइलवर बघायला लागले आणि आमच्याकडे येणारे फोन आटले. एका सोमवारी मालक माझ्या टेबलाशी आले. शनिवार पाचची वेळ एक ज्योतिषी मागत होता.

"अम्मा, मराठी निकाल देव. कोई देखरा नै."

मी तक्त्यातून अप्पांचं नाव खोडलं. संध्याकाळी सांगायचं ठरवून घरी गेले, तर ते पुढच्या धड्यासाठी पुठ्ठा कापत होते. म्हणाले, "या वेळी र-कार घेतो. रफार, र-काराच्या सगळ्या गमती. मुलं तिथेच अडतात."

माझ्याच्यानं सांगवलं नाही.

गुरुवारी मी कॅमेरामनला बाजूला घेऊन खरं सांगितलं. मग त्यानं नेहमीसारखा दिवा लावला. "रेडी, मास्टारू?"

असे चार महिने गेले. गुरुवारी मालक जाहिराती मिळवायला बाहेर असत. दर गुरुवारी अप्पा यायचे, शिकवायचे, आणि शनिवारी पाचला त्यांच्या जागी ज्योतिषी दिसायचा. घरी मी खोटं बोलायची, "अप्पा, या वेळचा धडा फार छान झाला. फोन आले होते." ते नुसते "हौ?" म्हणायचे. या गुरुवारी सांगू, पुढच्या गुरुवारी सांगू, असं करत राहिले. एकदा जिन्यात ते बराच वेळ छातीवर हात धरून उभे होते. मी म्हटलं, "आज राहू द्या." तर म्हणाले, "तू कशाला काळजी करतेस? चल."

पुढच्या बुधवारी पहाटे ते झोपेतच गेले.

दहाव्या दिवसानंतर त्या फोनवाल्या बाई मुलाला घेऊन भेटायला आल्या. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे सण मोठ्यानं वाचत होता. त्या म्हणाल्या, "सरांमुळे हा वाचायला लागला हो. कार्यक्रम बंद झाला तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं. मी सरांना विचारलंसुद्धा."

"कधी?"

"बंद झाला त्याच आठवड्यात. वाचनालयाबाहेर भेटले होते. सर, बंद का केलंत? म्हटलं. त्यांना माहीतच नव्हतं. मग म्हणाले, मुलीनं मला सांगितलेलं नाही, तुम्हीही तिला काही बोलू नका. तिला फार लागेल."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि आधण ठेवलं.

म्हणजे ते सगळे गुरुवार ते जाणून होते. दम लागत असताना तीन मजले चढून येत होते, कुणालाही दिसणार नाही असा धडा शिकवत होते, "कळलं का?" विचारून थांबत होते. माझ्यासाठी. मी एक वाक्य बोलले असते, तर ते जिने त्यांना चढावे लागले नसते. डॉक्टर म्हणाले, जिन्यांचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध नाही. मी ते ऐकून घेतलं.

कॅमेरामननं ते सगळे धडे जपून ठेवले होते. त्यानं मला डिस्क आणून दिली. मी मालकांना सगळं सांगितलं आणि ते दाखवायची परवानगी मागितली. ते डोळे पुसत म्हणाले, "पूछने की क्या बात है, अम्मा." पण त्याच महिन्यात केबलवाल्यांनी आमचा चॅनेल काढून टाकला. बाकीच्या चौघांनी दुसरीकडे कामं धरली. मी विद्यानगरला एका क्लासच्या ऑफिसात बसते.

डिस्क कपाटात आहे. एकदाच लावली. अप्पा फळ्याकडून वळले आणि कॅमेऱ्याकडे नाही, जरा बाजूला बघत थांबले. तिथे मी उभी असायची. मी बंद केलं. पुढचं अजून बघितलेलं नाही.