न कापलेल्या पाइपांचा बाजा

मला लिहिता येतं असा माझा दावा नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा मामांवर लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. पण हाती आलेली एकही नळी, बाटली किंवा तांब्या फुंकून पाहिल्याशिवाय खाली न ठेवणारा असा माणूस सबंध बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्यावर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलत भाऊ. साखर कारखान्यात फिटर. दुष्काळात ऊस नसला की कारखाना बंद, आणि मामा घरी. चहा आला की आधी कपाच्या काठावरून फुंकर घालायचे, सूर बरा निघाला तरच पुढचा घोट. माझ्या मावसभावासाठी मुलगी पाहायला आम्ही लिंबागणेशला गेलो होतो. पाणी पिऊन झाल्यावर मामांनी रिकामा तांब्या ओठाशी धरून घुमवला आणि मुलीच्या वडिलांना गंभीरपणे सांगितलं, "पाव्हणं, तुमचा तांब्या धैवतात हाय." लग्न जमलं, पण त्या घरात मामांना अजूनही पाणी ओंजळीतच वाढतात.

हे वेड पुण्याचं. तरुणपणी ते मोटारी आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे होते. एका जुन्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा बिघडला म्हणून त्यांना तिथे पाठवलं. पंखा तासाभरात सुरू झाला, मामा मात्र अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहिले. "पेटी दम खाती," ते आम्हाला सांगायचे, "ह्यो खात न्हाई. बोट हाय तवर सूर हाय."

तसा बाजा गावात हवा, एवढंच त्यांनी पुढची वीस वर्षं घोकलं. आमच्या गावच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेच्या गोदामात वीस फुटी पाइपांचा ढीग पडून होता. तलावापासून शेतांपर्यंत लाईन टाकायची होती, पण तलावातच पाणी नव्हतं. मामांनी ते पाइप मागितले. संस्थेचे चेअरमन त्यांच्या वर्गातले. "ने की," ते म्हणाले, "पण एक बी पाइप कापायचा न्हाई. अन् तलाव भरला की सगळे परत."

ऑर्गनमध्ये लांब नळीचा सूर खालचा, आखूड नळीचा वरचा. न कापता नळी आखूड कशी करायची, या विचारात मामांनी तीन महिने जेवताना ताटाकडे पाहिलं नाही. शेवटी गावभरच्या जुन्या चपलांचे तळ गोल कापून त्यांनी डट्टे केले आणि बांबूने पाइपांत सारले. डट्टा जिथे अडेल तिथे नळी संपली. पाइप गोदामातच उभे केले. खालच्या तोंडाला लाकडाच्या काढता येणाऱ्या शिट्ट्या, एका मोडक्या पेटीच्या पट्ट्या, ताडपत्रीचा भाता आणि धान्य उफणायचा पायडलचा पंखा. सगळे पाइप सारख्याच लांबीचे, म्हणून बाजा पाहायला आलेला माणूस बाजासमोर उभा राहून बाजा कुठे आहे असं विचारायचा. मग मामा पाइपांवर रंगवलेले सा, रे, ग दाखवायचे. पायडल मारायला टँकरची वाट पाहणारी माणसं असायचीच. घागर रांगेत ठेवली की पंख्यावर बसायचं, असा मामांचा नियम होता, आणि सरपंचही त्यातून सुटले नाहीत.

वाजवायला आम्ही भजनी मंडळातली पाच पोरं. पेटीच्या सवयीने आमचा डावा हात आठवडाभर हवेतच भाता मारत राहिला. "त्यो मोकळा झालाय, त्याला बी काम द्या," मामा म्हणायचे. दुसऱ्याचं गाणं वाजवायला मात्र सक्त मनाई. प्रत्येकाने स्वतःचं रचायचं. किराणा दुकानवाल्या अप्पांच्या गौराने टँकर रचला. डाव्या हाताने खालचा सा धरून ठेवायचा, ती वाट पाहणं, आणि वरचे सूर घागर भरताना आवाज चढतो तसे चढत जायचे. रांगेतल्या बायका आपापली घागर ओळखून हसल्या. मी रचलं ते म्हणजे एक खर्जातला सा आणि त्यावर थोडंसं काहीतरी. वरचं संपलं तरी माझं बोट सा-वरून उचलेना. मामांनी डोळे मिटून ऐकलं. "लई चांगलं हाय. पण थांबायचं कुठं, ते तुला ठावं न्हाई."

मला ते जूनपर्यंत सापडलं नाही. कॉलेजसाठी औरंगाबादला निघालो त्या दिवशी डोंगरावर ढग होते. चेअरमननी पारावरून विचारलं, "फिटर, आता ढगाला फुकून म्हागं सारतो का काय?" सगळे हसले. मामा म्हणाले, "भरू दे की तलाव. माझं बी रान हाय त्या लाईनीवर." पण त्या दिवशी त्यांनी काही कारण नसताना सगळे डट्टे बांबूने एकदा चाचपून पाहिले. आणि मी, एसटीच्या खिडकीतून, मनात म्हणालो, यंदा नको. प्यायचं पाणी टँकरने येणाऱ्या गावातल्या मुलाने असं म्हणावं, याची मला अजून लाज वाटते.

माझं कुणी ऐकलं नाही. गेल्या आठवड्यात गौराचा फोन आला. तलाव भरला. निरोप यायच्या आत मामांनी शिट्ट्या आणि डट्टे काढून, पाइप धुऊन संस्थेच्या दारात रचले होते. लाईन पुरी झाल्यावर अकरा पाइप उरले. ते चेअरमननी पुन्हा गोदामात नेऊन उभे केले. अकरा सुरांत काय बसतं ते गौरा बघते आहे.

पंप सुरू करायच्या दिवशी मामांनी लाईनीच्या शेवटच्या टोकाला, चेअरमनच्याच शेतात, खर्जाचा तो पाइप शिट्टीसकट जोडला. पाण्याआधी पाइपांतली सगळी हवा बाहेर येते. तिकडे तलावावर बटण दाबलं आणि इकडे सा लागला. सा संपेचना. मग आत गुडगुड झाली, शिट्टी उडून चेअरमनच्या फेट्याला लागली आणि मागून पाणी आलं.

"तुझंच वाजलं की रे," गौरा म्हणाली. "मामा मला म्हणले, पोराला फोन कर. म्हणावं, थांबायचं कुठं ते घावलं."