शेवटचं पान आधी वाचणाऱ्या बहिणीसाठी पुस्तक

अगं पोरी, फोन जरा कानाशी धर. चार महिने तोंड दाखवलं नाहीस, अन् आता मोबाईलवर एक ओळ पाठवतेस, "मावशी, आईनं वाचणं सोडलं. कादंबरीसारखं धरून ठेवणारं एखादं खरंखुरं पुस्तक सुचव ना तिला." असं विचारतात होय? डोकेदुखीची गोळी विचारावी तसं? तुझ्या आईचं वाचणं कशानं सुटलं ते तुला ठाऊक नाही. मला आहे. सांगायचा कंटाळा येतो, पण सांगते.

आम्ही दोघी बहिणी, मी अमरावतीत, ती अकोल्यात. शाळा दोघींची सातवीतच सुटली. ती कादंबऱ्यांवर वाढली अन् मी इतवारा बाजारातल्या रद्दीवाल्या चाचांच्या ढिगाऱ्यावर. खरं पुस्तक म्हणजे धडा, असं तिचं मत. तिचं तरी काय चुकलं? लोक भेट देतात ती थोरामोठ्यांची चरित्रं, पणजोबापासून सुरू होणारी. मी प्रस्तावना वाचतच नाही. मधलंच एक पान उघडते. तिथं कोणी बोलत असलं, कोणाचे हात कामात असले, अन् पुढं काय होणार हे लिहिणाऱ्यालाही माहीत नाही असं वाटलं, की घेते. बाळंतपणाच्या वॉर्डात उभं आयुष्य काढलेल्या नर्सबाईचं पुस्तक असंच सापडलं. गायी घेऊन आपल्या रानातून जाणाऱ्या काठेवाडी लोकांसोबत पायी फिरलेल्या एका माणसाचंही. भात करपला होता माझा त्या पुस्तकापायी.

तुझ्या आईची मात्र एक रीत आहे. ती शेवटचं पान आधी वाचते. तुझे बाबा गेल्यापासून तर पक्कीच. शेवटी सगळे धड आहेत हे दिसलं, की मग पहिलं पान. मी हसायची. ती म्हणायची, "ताई, तुले काय जाते? मले आता धक्का नाई सोसत."

तरी मी तिला विहिरीचं पुस्तक पाठवलं. विहिरी खोदणाऱ्या टोळीत दोघं भाऊ, धाकट्याचं नुकतंच लग्न झालेलं, अन् एका दुपारी वरून माती ढासळते. गावातल्याच मास्तरांनी लिहिलेलं. ते त्या दुपारच्या आधी कित्येक महिने त्या टोळीत बसून सगळं विचारत होते. पुस्तकात तासातासाचं आहे, दोर कुठून आणला, कोण खाली उतरायला तयार झालं, कोण घरी निघून गेलं. हातातून सुटत नाही.

तिनं नेहमीसारखं शेवटचं पान उघडलं. तिथं गोष्ट नव्हतीच, आभार होते. ज्यांनी ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं. त्यात धाकट्याचंही. तिनं लगेच फोन केला.

"ताई, लहाना भाऊ वाचते ना शेवटी? आभारात नाव हाये त्याचं."

मी म्हटलं, "नाव आहे ना? मग वाच की."

मला माहीत होतं, ते नाव माती ढासळण्याआधीच्या महिन्यांतलं. पण सांगितलं असतं तर तिनं पुस्तक मिटून ठेवलं असतं. अन् मी थकले होते गं, एकटी वाचून वाचून. वाटलं, एकदा तरी दुपारी दोघी एकाच पुस्तकावर बोलू. दोन दिवस बोललोही. दोरावर बोललो, त्या मोठ्या भावावर बोललो. किती तरी वर्षांनी ती माझ्याशी अशी भांडून बोलली.

तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता. "काहून सांगतलं नाई मले? मी त्या पोराच्या भरवशावर वाचून राहिली होती. कादंबरीत मेला असता तं रडून मोकळी झाली असती. हा तं खराच मेला. त्याची बायको कुठं तरी बसली असन आता."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुला आवडेल."

"आवडलं ना. म्हणून तं राग हाये," ती म्हणाली अन् फोन ठेवला. तेव्हापासून पुस्तकाचं नाव काढलं की ती पाण्याच्या टाकीचं, नाही तर तुझ्या लग्नाचं बोलते.

तेव्हा पोरी, पुस्तक मी सुचवीन. नर्सबाईचंच देईन, त्यात रडू आहे पण माणसं जगतात. मात्र या वेळी कोण राहतं अन् कोण जातं, ते आधी मी स्वतः तिला सांगणार, तिनं न विचारता. आधीचं जे केलं त्याची माफीही मागायची आहे, अन् ती फोनवर जमत नाही. ती विषय बदलते, मीही बदलू देते. माझे गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत, नाही तर मीच आले असते. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं तिला घेऊन ये. कारण विचारलं तर म्हण, मावशी दमली आहे. खोटं नाही ते. दोघी या, पण लवकर या.