अप्पांची नाणी आणि अव्वाचे कान

अप्पांची नाणी मी विकणार आहे, असं मी सांगितलं तेव्हा माझ्या धाकट्या भावानं हातातला कप खाली ठेवला. "अक्का, तुला काही कमी पडून राहिलं का? तसं सांग ना. घरची लक्ष्मी विकत नसतेत." अव्वा, म्हणजे आमची आई, समोरच बसून शेंगा सोलत होती. तिला यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. आम्ही गंमत करतोय की भांडतोय, हे तिनं आमच्या तोंडांकडं बघून ठरवायचा प्रयत्न केला आणि चुकीचं ठरवून हसली.

तेवढ्यासाठीच मला नाणी विकायची होती.

अव्वाला ऐकू येईनासं झालं त्याला बरीच वर्षं झाली. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग फोन गेला, मग आम्ही गेलो. घरात एक वाईट सवय लागली. तिच्या समोर बसून तिच्याबद्दल बोलायचं. तिच्या गोळ्या, तिचे हट्ट, तिच्यामागं औशाच्या घराचं काय करायचं, सगळं, ती तिथं नसल्यासारखं. मी नांदेडला राहते, ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते, त्यामुळं औशाला यायचे ते महिन्या-दीड महिन्यानं, आणि दर वेळी हे बघून माझं डोकं फिरायचं. लातूरच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, दोन्ही कानांना मशीन लावा, अजून चांगलं ऐकू येईल. फार उशीर केलात तर शब्द ओळखायची सवयच मोडेल. किंमत ऐकून भाऊ म्हणाला होता, "या वयात आता तिला ऐकून काय करायचंय?" भाऊ वाईट नाही. पण हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आमच्या वडिलांचं, अप्पांचं, औशाला किराणा दुकान होतं. निजामाची नाणी बंद होऊन जमाना झाला तरी खेड्यांतल्या म्हाताऱ्या बाया ती बाजाराच्या दिवशी कनवटीला लावून आणायच्या. दुसऱ्या दुकानात त्यांना कुणी उभं करायचं नाही. अप्पा मात्र नाणं घ्यायचे, गूळ द्यायचे, चहापत्ती द्यायचे, आणि ते गल्ल्यात न टाकता वेगळ्या पिशवीत टाकायचे. चारमिनारचे रुपये, तांब्याचे ढब्बू, इंग्रजांच्या वेळचे भोकाचे पैसे, आणे. हातोहात फिरून सगळी झिजलेली आणि काळी पडलेली. काहींवरचा चारमिनार डोळ्यांना दिसायचा नाही, बोट फिरवलं तर कळायचा. बाजार उठला की ती वेगवेगळी करायचं काम माझं, म्हणून शेवटच्या आजारपणात अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "नाणी हिची." दुकान आणि शेत भावाला गेलं. त्यावर मी सही करून दिली, कुरकुर केली नाही. पण नाणी माझी, आणि माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवणार. भावाला मी असंच सांगितलं, याच शब्दांत.

नांदेडच्या जुन्या भागात अशी नाणी घेणारा एक व्यापारी आहे. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या एका बाईनं त्याचा नंबर दिला. मी औशाला अव्वाच्या कपाटातल्या पिशव्या काढून एकेका नाण्याचा फोटो त्याला पाठवला. हे मागून दाखवा, याची कड दाखवा, असं करत करत त्यानं शेवटी जो आकडा सांगितला, तो मी त्याला पुन्हा म्हणायला लावला. अव्वाचे दोन्ही कान त्यात बसत होते. वर माझं एसटीचं भाडंही निघत होतं.

आता अव्वाला समजवायचं होतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. सगळ्या गल्लीला कळलं, तिला सगळ्यात शेवटी.

"माझ्या कानासाठी त्यांची नाणी? न्हाई," ती म्हणाली. "मला आता काय ऐकायचं ऱ्हायलंय?"

भावाचंच वाक्य. त्याच्याकडून उचललं म्हणावं तर तिला ते ऐकूही गेलं नव्हतं. मला त्या क्षणी रडू आलं आणि रागही आला, आणि माझ्या बाबतीत राग नेहमी पुढं धावतो. मी पुन्हा ओरडले, "तुला नसंल ऐकायचं. मला तुझ्याशी बोलायचंय!" ती पदर खोचून स्वयंपाकाला उठली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाणी घरीच ठेवून लातूरला गेले, मशीनचं पक्कं करून आले. संध्याकाळच्या एसटीनं परतले तर दारात जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर सगळी नाणी मांडलेली, आणि ती अशी लख्ख की मला क्षणभर ओळखू येईनात. शेजारी चिंचेचा कोळ, मीठ, राख, आणि अव्वाच्या हातात काथ्या. तिची बोटं सोलवटली होती. दिवसभर ती हेच करत बसली होती.

"बघ कशी झाल्यात!" ती म्हणाली. "तुझ्या अप्पानं जल्मभर हात लावू दिला न्हाई. धुवू नको म्हनजे धुवू नको. का, ते कधी सांगितलं न्हाई. आता लेकीला सासरी लावताना न्हाऊ घालतेत का न्हाई? मळकी कशी देऊ मी परक्याच्या हातात?"

तिचा होकार होता तो. मी तिच्या शेजारी बसले आणि उरलेले दोन-चार ढब्बू आम्ही दोघींनी मिळून घासले. अप्पांच्या त्या मनाईला मीही त्यांचा हट्टच समजत आले होते. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

नांदेडला व्यापाऱ्यानं पहिली पिशवी गादीवर ओतली. मग दुसरी ओतली. मग चष्मा काढून ठेवला.

"ताई, हे धुतले का तुम्ही?"

"माझ्या आईनं घासलेत. चमकतात ना चांगले?"

"तेच तर झालं. शौकीन माणूस हे घेत न्हाई. जुन्या नाण्यावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय. तो गेला की खाली नुसती चांदी राहते, नुसतं तांबं राहतं. फोटोतले तसेच आणले असते तर मी शब्द फिरवला नसता." त्यानं एक रुपया भिंगाखाली धरून मला दाखवला. काथ्याचे ओरखडे केसासारखे सगळीकडं पसरले होते. "आता चांदीचे वजनावर घेतो. तांब्याचं फार देता येणार न्हाई."

मी त्याला लबाड म्हणाले. बाईमाणूस बघून भाव पाडतोस का, असंही म्हणाले. पिशव्या उचलल्या आणि सराफ्यात दोन ठिकाणी फिरले. दोन्हीकडं तेच उत्तर मिळालं, आकडा मात्र याच्याहून कमी. शेवटी चपला ओढत परत त्याच्याच दुकानात आले. त्यानं बिचाऱ्यानं पाणी दिलं.

पाणी पिताना मी विचार केला. नाणी परत न्यावीत, असं मनात आलं खरं. पण परत नेली तर अव्वाला कारण सांगावं लागणार, आणि कान तर तसाच राहणार. मी इथं अप्पांच्या आठवणी जपायला आले नव्हते. मला माझ्या आईशी बोलायचं होतं. पैसे निम्म्याच्याही थोडे खाली भरत होते, म्हणजे एक कान, आणि त्यातही माझी थोडी भर. एक तर एक. "घ्या," मी म्हणाले.

उजव्या कानाला मशीन बसलं. "दोन्ही कानांना असतं तर आवाज कुठून येतोय तेही नीट कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. अव्वाला मी सांगितलं की दुसऱ्या कानाचं सावकाश करू, आणि नाण्यांना भाव फार चांगला आला. "येणारच," ती म्हणाली, "घासली किती!" तिनं हे गल्लीत सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते मी फक्त भावाला सांगितलं, कारण तो हिशोब विचारून विचारून जीव खात होता.

मग येळवस आली. आमच्या लातूरकडं त्या अमावस्येला घराला कुलूप लावून सगळे शेतात जेवायला जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली. अव्वा एकदम मान वर करून म्हणाली, "हे काय वाजून राहिलं?" आम्हाला काहीच ऐकू येईना. ती उठून शोधत कोपीपाशी गेली. वाऱ्यानं कडब्याची पानं सळसळत होती. ती तिथंच उभी राहून ऐकत होती, आणि मला वाटलं, नाणी सत्कारणी लागली.

पंगत बसली. अव्वा वाकून आंबिल वाढत होती. भाऊ भज्जी-भाकरी खाता खाता, नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या सवयीनं मला म्हणाला, "ही तेव्हा घासत बसली नसती तर दोन्ही कानांचं झालं असतं बघ. निम्म्या पैशावर पाणी पडलं."

अव्वाचा हात थांबला. भावाला काय झालं ते उशिरा कळलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"घासल्यानं पैसे कमी आले?" तिनं त्याला नाही, मला विचारलं.

थाप मारायला जागा उरली नव्हती. "हाव, अव्वा."

तिनं आंबिलीचा तांब्या खाली टेकवला आणि माझ्यासमोर बसली. स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. डोळे भरले होते तिचे. माझेही.

"मग मला का सांगितली न्हाईस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे की," ती म्हणाली. आवाजात जरब होती, आम्ही लहान असताना असायची तशी. "ऐकू यावं म्हनून केलीस ना एवढं? मग वाईटबी ऐकू येऊ दे."

मग मी तिला सगळं सांगितलं. व्यापारी काय म्हणाला, मी त्याला काय म्हणाले, सराफ्यात कशी फिरले, किती आले, माझे किती गेले. न ओरडता, साध्या आवाजात. तिनं उजवी बाजू माझ्याकडं केली आणि शेवटपर्यंत ऐकलं.