नानांच्या जीपमधली उदबत्ती

आधीच सांगून ठेवतो... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, नाही, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. चिखलीत माझं गॅरेज आहे. शटरला लिंबू-मिरची नाही. "अमावस्येला गाडी नेत नाही" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मुद्दाम अमावस्येचीच डिलिव्हरी देतो. तेव्हा कमेंटमध्ये "शांत करून घ्या" वगैरे लिहू नका.

इंजिनाचा धूर कुठून गळतोय ते शोधायची कामं मी गुरुवारी घेतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस बंद, त्यामुळे बारीक टिकटिकही ऐकू येते. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं, इंजिन चालू करायचं, की धूर फटीतून फुसफुसतो. बाकी काम माझ्या कानांचं. कानांचा मला भारी गर्व! (एकदा फडकं आतच राहिलं आणि गिऱ्हाईक तळवडेच्या चौकात अडकलं. फोनवर त्याने काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

त्या गुरुवारी सकाळी भानुदासनाना आले. चिखलीचे जुने शेतकरी. त्यांची पेट्रोल जीप त्यांच्याहून थोडीच तरुण.

"मिस्त्री, मागं बसलं की धुराचा वास येतोय. उद्या जेजुरीला जायाचंय, नातवाचं जावळ हाय."

"कुणाला त्रास होतो का?"

"न्हाई ओ! नातू तर मागं बसला की गपगार झोपतोय. उठल्यावर जरा ओकतो, पण पाळणा म्हणून लागत न्हाई."

नाना हसले, मी हसलो. माझा पार्टनर सुधाकर मात्र हसला नाही. तो लातूरचा, कमी बोलतो. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी नानांकडून किल्ली मागून घेतली. धुरातला विषारी वायू आधी झोपवतो आणि मग उठवतच नाही, हे गॅरेजवाल्याला कुणी शिकवायला लागत नाही.

नाना गेल्यावर फडकं कोंबलं, बॉनेटखाली डोकं घातलं. इंजिनातून धूर पाइपात शिरतो त्या जोडावर — टिक, टिक, टिक. जोडाची फट बुजवणारं गॅस्केट जळालेलं. इंजिन गार होऊ दिलं, गॅस्केट बदललं, आणि स्टार्टही न करता नानांना फोन लावला, "गाडी ओके!"

"एकदा बघ तरी राव," सुधाकर म्हणाला. "लेकराचा मामला हाय."

मग उदबत्ती काढली. आमच्याकडे ती देवापुढे कमी आणि गाडीत जास्त लागते. जिथे गळती असते तिथे तिच्या धुराची सरळ रेघ तुटून इंजिनाच्या ठेक्यावर उडते. मी जीपमध्ये मागे बसलो. काचा वर, दारं बंद. पुढे बसलेल्या सुधाकरला म्हणालो, "मार स्टार्टर." उदबत्ती तळाशी नेली. रेघ सरळ... सरळ... आणि सीटखालच्या मॅटवर तुटली. फक-फक-फक-फक.

"सापडलं! बंद कर!"

"काय बंद करू?"

"इंजिन, अजून काय!"

"चालू कुठं झालंय? किल्ली फिरवून दमलो. बॅटरीचं टर्मिनल जोडलंस का?"

नव्हतं जोडलं. काम करताना काढलेलं, तसंच विसरलो. आणि इंजिन बंद आहे हे या कानवाल्या उस्तादाला ऐकू आलं नव्हतं!

पण धूर उडतच होता. त्याच ठेक्यावर. सुधाकरने मागे वळून पाहिलं.

"हे काय बरोबर नाही लेका," म्हणाला आणि खाली उतरला.

मी मॅट फाडली. पत्र्याला गंजून भोक पडलेलं. खालच्या पाइपाला वरच्या अंगाने करंगळी जाईल एवढी चीर, आणि चिरेवर सैल झालेली पत्र्याची पट्टी. ती पट्टी तीन वर्षांपूर्वी मीच आवळली होती, "आता आयुष्यभर बघायला नको, नाना" म्हणत. आणि आज मी बॉनेटवरच खूश होऊन गाडीच्या मागे गेलोच नव्हतो.

पाइप बदलला, पत्रा वेल्ड केला. संध्याकाळी नानांना सगळं सांगितलं, पट्टीसकट. शिव्या खाल्ल्या. मग नाना हळूच म्हणाले, "देवानं दावलं रं."

शनिवारी त्यांचा फोन. "काय करून ठिवलंस गाडीला? पोरगं जाता-येता भोकाड पसरून व्हतं, डोळ्याला डोळा न्हाई!" "रडू द्या नाना, रडू द्या," मी म्हणालो.

आता तुम्ही वारा म्हणाल. काचा बंद होत्या. गरम हवा म्हणाल, तर इंजिन गार होतं, आणि गरम हवा ठेका धरत नाही. भास म्हणाल... दोघांना एकच? नंतर कितीतरी गुरुवार बंद गाड्यांत उदबत्त्या जाळून पाहिल्या. रेघ सरळ. दर वेळी.

नानांचं "देवानं दावलं" मला मान्य नाही. सुधाकर म्हणतो, "कुणीतरी होतं." ते तर अजिबात नाही. मग माझ्याकडे तिसरं कारण आहे का? नाही. पण तेवढ्यासाठी मी त्या दोघांचं ऐकून घेईन, असं कुणी समजू नये.